डॉक्युमेंट नाही, आधीचा टेस्टर सोडून गेला, अनोळखी ॲप्लिकेशन समजून कसं घ्यायचं?

उगाच_टेस्टर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचीच. बीकॉमनंतर पुण्यात मॅन्युअल टेस्टिंगचा कोर्स केला, तिकडंच एका बँकिंग प्रोजेक्टवर थोडं काम केलं, आणि आता घरच्या कारणाने परत आलेय. जुळे सोलापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलेय. इथलं मेन प्रॉडक्ट म्हणजे टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठीची ईआरपी. सूत खरेदीपासून डाईंग (सूत रंगवणं), बीम (मागावर चढवायचा सुताचा रूळ), मागावरचं प्रॉडक्शन, गठ्ठे, बिलिंग, जीएसटी सगळं एकातच. बरीच वर्षं जुनं आहे, वरून वरून नवीन मॉड्यूल जोडत गेलेत.

प्रॉब्लेम असा की माझ्या आधीचा टेस्टर सोडून गेला आणि त्याने मागे ठेवलंय काय तर एक एक्सेल, त्यात "लॉगिन होतंय का" टाइपच्या टेस्ट केस (काय केलं की काय व्हायला पाहिजे याच्या नोंदी). रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नावाचा प्रकार नाहीच. मेनू उघडला की गड्ड्याच्या यात्रेत शिरल्यासारखं होतं, कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. डेव्हलपर चांगले आहेत पण त्यांना विचारलं की म्हणतात "वापरून बघ की, कळतंय आपोआप". वापरून बघितलं, रेकॉर्ड सेव्ह होतंय एवढं कळलं, पण बरोबर सेव्ह होतंय का हे मला कसं कळणार? बँकिंगच्या प्रोजेक्टवर ६० पानी डॉक्युमेंट असायचं, त्यात लिहिलंय तसं होतंय का एवढंच बघायचं.

मॅनेजर म्हणतायत सोमवारपर्यंत टेस्ट केस लिहून द्या आणि रिलीज संक्रांतीच्या आत करायचंय. तुम्ही लोक असं ॲप्लिकेशन हातात आलं की पहिल्यांदा काय करता? आणि आपल्याला "कळलं" हे कशावरून ठरवायचं? प्लीज "कोर्स कर" असं सांगू नका, कोर्स झालाय.

पार्कचौक_ते_हिंजवडी

ताई, पहिलं म्हणजे ते टेस्ट केसचं सोमवारपर्यंत डोक्यातून काढा. जे माहितीच नाही त्याच्या टेस्ट केस लिहिल्या तर त्या "सेव्ह बटन दाबल्यावर सेव्ह होते" अशाच होणार, आधीच्याने तेच केलंय. बग शोधायचंही सध्या राहू द्या, दिसला तर टिपून ठेवा आणि पुढं चला.

मी काय करतो सांगतो. मेनूच्या क्रमाने जातच नाही. मेनू डेव्हलपरने ज्या क्रमाने बनवला त्या क्रमाने असतो, धंदा तसा चालत नाही. मी एक खरा व्यवहार पकडतो जो पूर्ण झालाय, म्हणजे तुमच्या केसमध्ये एखाद्या पार्टीचं बिल, माल गेलेला, पैसे आलेले. आणि त्या बिलापासून उलटं मागं जातो. बिलावर ४०० डझन टॉवेल आहेत, ते कुठल्या पॅकिंग स्लिपवरून आले, ती स्लिप कुठल्या गठ्ठ्यावरून, गठ्ठा कुठल्या प्रॉडक्शन एंट्रीवरून, त्या एंट्रीला बीम कुठला लागला, बीमला सूत कुठलं, ते सूत डाईंगला कधी गेलं, परत किती आलं, आणि मुळात खरेदी कुठल्या व्यापाऱ्याकडून. उलटं का तर बिलावर सगळं एकत्र आलेलं असतं, एकेक आकडा पकडून "हा आला कुठून" एवढं विचारत गेलं की दहा-बारा महत्त्वाचे स्क्रीन आपोआप उघडतात, आणि मेनूमधले बाकीचे निम्मे कोणी वापरत नाही हेही तेव्हाच कळतं. मध्ये कुठं साखळी तुटली, म्हणजे गठ्ठा दिसतोय पण तो कुठल्या बीमचा हे सापडतच नाही, तर तिथं खूण करा. तिथं एकतर तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी आहे नाहीतर प्रॉडक्टमध्येच भोक आहे.

हे करताना मोठ्या कागदावर चित्र काढा, खरा कागद, कॅलेंडरच्या मागची बाजू चालते. स्क्रीन म्हणजे चौकोन, आणि बाणावर क्लिक लिहायचे नाहीत, काय बदलतं ते लिहायचं. ऑर्डर "पेंडिंग"ची "पार्ट डिस्पॅच" कशामुळं होते, कोण करतं, परत मागं येते का.

वेळेचं म्हणाल तर दिवसभर भटकू नका. जेम्स बाख आणि जोनाथन बाख या टेस्टर भावांनी २००० च्या आसपास सेशनची पद्धत मांडली, साधारण दीड तासाचं एक सेशन, सुरुवातीला एका ओळीत उद्देश लिहायचा (त्याला ते चार्टर म्हणतात) आणि संपल्यावर काय बघितलं, काय खटकलं, काय विचारायचंय हे लिहायचं. "डाईंगला गेलेलं सूत कमी परत आलं तर स्टॉकचं काय होतं ते बघणे" हा चार्टर झाला. "डाईंग मॉड्यूल बघणे" हा नाही झाला, त्याला शेवटच नाही.

आणि डेव्हलपरला दर दहा मिनिटाला उठून विचारू नका, तो वैतागणारच. प्रश्न साठवा, दुपारच्या चहाला एकदम विचारा, आणि "हे काय आहे" असं न विचारता "मला वाटतं असं होत असणार, बरोबर का" असं विचारा. चुकीचा अंदाज ऐकला की डेव्हलपरला राहवत नाही, तो सगळं सांगतो.

बे_कंपाइल_झालं

एआयला सांग की, पाच मिनिटात ५०० टेस्ट केस काढून देतंय.

पार्कचौक_ते_हिंजवडी

देतंय ना. त्यातल्या ५०० च्या ५०० कुठल्याही ईआरपीला लागू पडतात हाच तर वांधा आहे बे. या कारखान्यात डाईंगवाला सूत कमी का परत देतो हे त्याला कोण सांगणार? ते कळल्यावर मग लिहायला वापरा खुशाल.

डेव्हलपर_पण_माणूस

दुसऱ्या बाजूने बोलतो. वर दादांनी सांगितलंय ते बरोबर पण नुसती स्क्रीन बघून निम्मंच कळतं. असल्या जुन्या प्रॉडक्टमध्ये खरी गंमत मागं असते. टेस्ट डेटाबेसचा रीड ॲक्सेस मागा, फक्त बघायचा, कोणी नाही म्हणणार नाही. मग ऑर्डर, चलन, बिल अशा मेन टेबलांमध्ये स्टेटसचा कॉलम शोधा आणि त्यात वेगवेगळ्या व्हॅल्यू कुठल्या आहेत एवढं काढा. स्क्रीनवर चारच स्टेटस दिसतात आणि टेबलमध्ये सात निघतात असं हमखास होतं. ते जास्तीचे तीन कधी पडतात हे विचारायला गेलात की डेव्हलपर पण खुर्चीत सरळ बसेल.

ब्राउझरवर चालणारं असेल तर एफ१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा ठेवून काम करा. एका सेव्हला मागं किती कॉल जातात, त्यातला एखादा फेल होऊनही वर हिरवा मेसेज येतो का, हे तिथं दिसतं. रात्री चालणारे जॉब असतात, स्टॉक रिकॅल्क्युलेशन वगैरे, त्यांची यादी मागा, कारण संध्याकाळी बघितलेला आकडा सकाळी बदललेला दिसला की नवीन टेस्टर वेडा होतो.

आणि सगळ्यात सोपं, जुने बग वाचा. जिरा (बग नोंदवायचं सॉफ्टवेअर) असेल नाहीतर एक्सेल, नाहीतर कस्टमरचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल, एवढ्या छोट्या कंपनीत तोच असणार. मागच्या वर्षभराच्या तक्रारी सलग वाचल्या की कुठलं मॉड्यूल सारखं फुटतंय ते कळतं. "असंच आहे, राहू द्या" म्हणून बंद केलेले विशेष वाचा.

पार्कचौक_ते_हिंजवडी

सगळं पटतं, एक सोडून. डेटाबेस पहिल्याच आठवड्यात नको. टेबल बघून शिकलेला टेस्टर कोड जे करतो तेच बरोबर धरून चालतो, मग त्याच्या हातून "हे असं असायलाच नको" हा बग निघत नाही, नुसते स्पेलिंगचे निघतात. आधी माणूस काय करतो ते बघा, मग टेबल. अनोळखी असण्याचाही फायदा असतो, पहिल्या आठवड्यात जे जे विचित्र वाटतं ते लिहून ठेवा, नंतर त्याची सवय होते आणि दिसेनासं होतं.

डेव्हलपर_पण_माणूस

मान्य. तक्रारी तरी पहिल्याच दिवशी वाचा.

टॉवेलवाला_अण्णा

मी टेस्टर बिस्टर नाही, आमचा टॉवेलचा कारखाना आहे, हा धागा पुतण्याने पाठवला म्हणून लिहितोय. असलंच एक सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे, कुणाचं ते राहू द्या.

ताई तुम्ही ऑफिसात बसून हे शिकालाय तेच चुकालंय. एखाद्या कारखान्यात जाऊन दिवाणजीच्या शेजारी खुर्ची टाकून बसा की ओ, सोलापुरात कारखान्याला काय तोटा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणीबी चहा पाजून दाखवेल. आमचे दिवाणजी टॅलीवर वाढलेत, त्यांचा हात माउसला लागत नाही. टॅलीत एफ८ दाबलं की सेल्स, मग एंटर एंटर एंटर. आमच्या ईआरपीत नगाच्या खान्यात एंटर दाबला की पुढच्या खान्यात जायच्या ऐवजी अख्खं चलनच सेव्ह होतंय, रेट टाकायच्या आधीच. मग ते चलन कॅन्सल करायचं, नवीन करायचं, नंबर एक वाया. कंपनीवाला आला होता, त्याने माउसने करून दाखवलं आणि म्हणाला चालतंय की.

दुसरं घटीचं. १०० किलो सूत डाईंगला दिलं तर तेवढंच परत येत नाही, घट येतीच. सॉफ्टवेअरला ते पटत नाही, बाकी सूत डाईंगवाल्याच्या नावावर तसंच पडून दाखवतंय वर्षानुवर्षं. म्हणून दिवाणजी रिमार्कमध्ये "घट ३ किलो" असं लिहितात आणि एका लाल वहीत खरा हिशोब ठेवतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रिमार्कचा खाना असेल तर तो वाचून काढा. जे सॉफ्टवेअरला जमत नाही ते सगळं आम्ही तिथं लिहितो.

अजून एक. सूत डाईंगला गावातल्या गावात जातंय. महाराष्ट्रात सूत-कापड जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) ५० किलोमीटरच्या आत हललं तर ई-वे बिल (माल हलवतानाचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, तरी हे दर चलनाला विचारतंय, पोरगं "नंतर" दाबून दाबून कंटाळलं. आता त्याला एवढी सवय लागली की जिथं खरंच पाहिजे तिथंबी "नंतर" दाबतो.

फक्त यायचं असेल तर ९, १०, ११ तारखेला येऊ नका, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायची घाई असते, अंगावर येतील. पण खरं बघायला गेलं तर सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच तीन दिवसात असती, तेव्हा कोपऱ्यात गप्प बसायची तयारी असेल तर याच.

पार्कचौक_ते_हिंजवडी

अण्णा, तुम्ही टेस्टिंगच्या क्लासमध्ये शिकवायला या. रिमार्कचा खाना ही आयडिया मी ढापली.

उगाच_टेस्टर

सगळ्यांना थँक्यू, अपडेट द्यायला आलेय. मॅनेजरना विचारून आमच्या एका कस्टमरच्या कारखान्यात गेले. दिवाणजींनी आधी पाहुण्यासारखं सगळं नीट दाखवलं, अगदी डेमो दिल्यासारखं, मग मी म्हटलं काका तुम्ही तुमचं काम करा मी नुसती बसते, तेव्हा खरं दिसायला लागलं. ऑर्डर ते आधी वहीत लिहितात, संध्याकाळी एकदम सगळ्या टाकतात, त्यामुळं ऑर्डरची तारीख आणि एंट्रीची तारीख वेगळी. आमच्या स्क्रीनला मागची तारीख टाकली की वॉर्निंग येते, ती ते न वाचता घालवतात. एंटरचा प्रॉब्लेम आमच्यात नाहीये पण डिझाइन निवडायची लिस्ट एवढी लांब आहे की ते कोड पाठ करून टाकतात, आणि दोन डिझाइनचे कोड शेवटच्या आकड्यापुरतेच वेगळे आहेत.

ऑफिसला येऊन टेस्ट डेटाबेसमधून रिमार्क काढून घेतले (डेव्हलपर दादांनीच काढून दिले, त्यांनाही बघायचं होतं). घट आहेच, पण त्याहून जास्त वेळा "जुना रेट" असं लिहिलेलं निघालं. ते काय म्हणून मागं गेले, उलट्या पद्धतीने. तर ती सगळी परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलातले पैसे कमी करून देणारा कागद) आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले ना, आधी टॉवेल-चादर नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के होता, आता २५०० पर्यंत ५ आणि त्याच्या वर १८. एक १५०० रुपयांचा सेट आहे, तो ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकला, पार्टीने दिवाळीनंतर परत पाठवला, आणि आमची सिस्टीम क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी काढते. दिवाणजी हाताने बदलून रिमार्क लिहितात.

आता माझा प्रश्न, हा बग आहे का मलाच कळलं नाहीये? डॉक्युमेंट नाही तर "बरोबर काय" हे कुणाच्या जोरावर म्हणायचं? डेव्हलपर म्हणतात कस्टमरने तक्रार केली नाही.

क्यूए_आक्का

बाई गं, मस्त पकडलंयस. बग आहे, बिनधास्त टाक. परत आलेला माल ज्या बिलावर गेला त्या बिलाचाच दर क्रेडिट नोटला लागतो, कुठल्याही सीएला फोन करून विचार. "तक्रार आली नाही" याचा अर्थ एवढाच की दिवाणजी सोशिक आहेत.

डॉक्युमेंट नसलं तरी "बरोबर काय" ठरवायला बऱ्याच गोष्टी असतात. इथं कायदाच आहे. कायदा नसेल तिथं आपल्याच ॲप्लिकेशनमधला दुसरा स्क्रीन हेच काम कसं करतो ते बघ, मागच्या व्हर्जनमध्ये काय होतं ते बघ, सेल्सवाला कस्टमरला डेमोत काय बोलून आलाय ते विचार (हे फार महत्त्वाचं, अर्धी आश्वासनं तिथंच असतात), आणि टॅलीसारखं लोकांच्या सवयीचं सॉफ्टवेअर काय करतं ते बघ. यातल्या एकाशी जरी जुळलं नाही तरी प्रश्न मांडायला पुरेसं आहे. मी दोन यादी ठेवते, बगची वेगळी आणि "मला समजलं नाही"ची वेगळी. दुसऱ्या यादीतल्या गोष्टी दोन-दोन आठवडे कुणालाच सांगता येत नसतील तर त्या पहिल्या यादीत ढकलते.

आता तुला एक धागा सापडलाय तर तोच ओढत बस, नवीन मॉड्यूलकडं लगेच पळू नको. व्यवहार तोच ठेवायचा आणि एकेक गोष्ट बदलायची. पार्टी पुण्याची असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात, केंद्र आणि राज्य निम्मं निम्मं), तीच विजापूरची केली तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा). विजापूर आपल्याला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ पण राज्य वेगळं, जीएसटी नंबर २७ ऐवजी २९ ने सुरू होतो. मग बिल विजापूरच्या पार्टीचं आणि माल उतरवायचा पुण्यात असं कर. ई-वे बिलाची मर्यादा बघ, राज्याबाहेर ५० हजार आणि महाराष्ट्रात आतल्या आत १ लाख, तुमच्या सिस्टीममध्ये दोन्हीला एकच आकडा ठोकलाय का. नगाची किंमत बरोबर २५०० आणि मग २५०१. डिस्काउंट दिल्यावर २५०० च्या खाली येत असेल तर दर कुठल्या किमतीवर लागतो. ३१ मार्चला केलेलं चलन आणि १ एप्रिलचं बिल, बिलाची सिरीज बदलते का आणि नंबर १६ अक्षरांच्या वर जात नाही ना.

जेम्स बाखनेच एसएफडीपीओटी असं एक लक्षात ठेवायला दिलंय, सॅन फ्रान्सिस्को डिपो म्हणतात त्याला. स्ट्रक्चर, फंक्शन, डेटा, प्लॅटफॉर्म, ऑपरेशन्स, टाइम. कोर्समधून आलेले बहुतेक जण फंक्शनवरच थांबतात. तू आत्ता जे पकडलंस ते टाइममधलं आहे, दर बदलायच्या आधीचं आणि नंतरचं. ऑपरेशन्स म्हणजे अण्णांनी सांगितलं ते, माणूस खरंच कसं वापरतो.

हे सगळं टेस्ट सर्व्हरवर हं. ई-वे बिलाचं कनेक्शन सँडबॉक्सला (चाचणीपुरत्या खोट्या सर्व्हरला) आहे ना हे पहिलं बघ, खरं तयार झालं तर कॅन्सल करायला २४ तासच असतात आणि कस्टमरच्या नावावर उगाच लफडं.

मॅनेजरला सोमवारी टेस्ट केसच्या ऐवजी तो कागदावरचा नकाशा आणि या क्रेडिट नोटचा बग दाखव. बघ काय म्हणतात.

उगाच_टेस्टर

आक्का, सँडबॉक्सचं चेक केलं, टेस्ट सर्व्हरवर एका कस्टमरचं खरं लॉगिन सेव्ह होतं!! काढून टाकायला लावलं. क्रेडिट नोट दर आयटम मास्टरमधून (मालाची मूळ यादी, तिथं आजचा दर असतो) उचलते, बिलातून नाही, डेव्हलपरने कोडमध्ये बघून सांगितलं आणि स्वतःच तिकीट टाकलं. मॅनेजर नकाशा बघून म्हणाले हे भिंतीवर लावा, टेस्ट केसचं पुढच्या सोमवारी बघू.

आता घटीचं काम सुरू केलंय. अण्णा, एक विचारायचं होतं, ऑफिसात म्हणतायत घटीची एक टक्केवारी फिक्स करून टाकू, तेवढी आपोआप वजा होईल. चालेल का?

टॉवेलवाला_अण्णा

नाही चालणार. गडद रंगाची वेगळी, पांढऱ्याची वेगळी, सुताच्या काउंटवर (जाडी-बारीकपणावर) बदलती, आणि डाईंगवाल्यागणिक तर बदलतीच. डाईंगवाल्यावार आणि रंगावार टाकायची सोय द्या, आणि त्याच्यापेक्षा जास्त घट आली तर लाल दाखवा, सेव्ह मात्र होऊ द्या. अडवलंत तर दिवाणजी परत वहीत जातील.